नाकासमोरचा पाइप

"पोहता येतं का?"

दिल्लीत भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला तोवर तोंडपाठ झालं होतं. लग्न झालंय का, मटण-मच्छी करता का, रात्री किती वाजता येता, भेटायला कोण कोण येतं. मुनिरक्यातल्या ज्या खोलीत मी भर दुपारी दिवा लावून राहत होते, तिथल्या मालकिणीने तर माझ्या आईवडिलांचा फोटोसुद्धा मागून घेतला होता. पण पोहता येतं का, हे या जन्मात मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

"मग शिकावं लागेल," ते म्हणाले. "तोवर खोली कच्ची. शिकलीस की पक्की."

मला वाटलं, म्हातारबुवा थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. खाकी अर्धी चड्डी, बनियन, पायात गमबूट आणि कमरेच्या पट्ट्यात खोचलेला पाना, अशा अवतारात ते फाटकात उभे होते. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि हा माणूस गमबुटात! ऑफिसातल्या एका मराठी बाईंनी मला या घराचा पत्ता दिला होता. "माणसं आपलीच आहेत, साताऱ्याकडची. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत. जरा विचित्र आहेत, पण घर हवेशीर आहे." घर हवेशीर होतं यात शंका नाही. द्वारकेच्याही पुढे, नजफगढच्या बाजूला, जिथे तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे आणि उरलेल्या निम्म्यांवर म्हशी, तिथे हवा सोडून होतंच काय? पण मेट्रो द्वारकेपर्यंत नुकतीच आली होती, मला मंत्रालयात वेळेवर पोचणं भाग होतं आणि मुनिरक्यातल्या त्या कोंदट खोलीत जीव नकोसा झाला होता. मी म्हटलं, शिकते.

घराच्या मागे त्यांची टाकी होती. कॉलनीतले लोक तिला स्विमिंग पूल म्हणायचे आणि त्यांना 'टंकीवाले फौजी'. ते स्वतः मात्र टाकीच म्हणायचे, कारण ती त्यांनी स्वतः बांधली होती आणि आपण बांधलेल्या वस्तूला इंग्रजीत हाक मारायला त्यांना लाज वाटे. फौजेत ते इंजिनिअर पलटणीत होते. पूल बांधायचे, पाणी आणायचे, रस्ते काढायचे, सगळं केलेलं. टाकी लांबीला एखाद्या खोलीएवढी, खोलीला छातीपर्यंत. फरशा तीन रंगांच्या, कारण तीन दुकानांतून उरलेल्या आणलेल्या. एका कडेने आत उतरायला पायऱ्या आणि पायऱ्यांना धरायला लोखंडी पाइप.

त्या टाकीत माझं शिक्षण झालं. त्यांनी माझ्या पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधला. "आमच्याकडं विहिरीत पोरं अशीच शिकतात," म्हणाले, आणि दिलं ढकलून. केंद्र सरकारची कायम कर्मचारी, सलवार-कमीज घातलेली, पाठीला तुपाचा डबा, नाकातोंडात पाणी! आणि शेजारून काकू, म्हणजे त्यांची बायको, लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात आरामात चालत चालत ओरडतायत, "पाय मार गं, पाय! काय फाइल पुढं सरकवतीयेस का?"

खोली पक्की झाली तेव्हा मला अटीचं कारण कळलं. काकूंना संधिवात होता, तोही जुना आणि खाष्ट. बोटं वाकलेली, गुडघे सुजलेले. जमिनीवर त्यांना पलंगापासून मोरीपर्यंत जायचं तर एका हाताला वॉकर आणि दुसऱ्या हाताला नवरा लागायचा. फौजेच्या इस्पितळात एका डॉक्टरने त्यांना कधीतरी पाण्यात उभं करून चालवलं होतं. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, सांध्यांना त्रास होत नाही. त्या दिवशी काकू पाण्यात एकट्या चालल्या आणि चालता चालता हसल्या. बास. सुभेदारसाहेबांनी रिटायर झाल्यावर बाकीच्यांसारखी गावाकडे शेती घेतली नाही, दुसरी नोकरी धरली नाही. इथे प्लॉट घेतला आणि आधी टाकी बांधली, मग घर.

"मी बाजारात गेलो, पेन्शनच्या कामाला गेलो, आणि हिचा पाय घसरला तर?" ते मला म्हणाले. "घरात उडी मारणारं माणूस पाहिजे. भाडं काय, कोणीही देतं."

कुठल्याही गोष्टीचा ते रिपोर्ट मागायचे. सकाळी मी जिना उतरले की, "रिपोर्ट?" म्हणजे झोप लागली का, नळाला पाणी आलं का, पंखा आवाज करतो का, हे सगळं एका दमात सांगायचं. भाजीवाल्याला "रिपोर्ट?" म्हटलं की तो बिचारा सवयीने सांगायचा, "टमाटर ठीक, भिंडी बूढ़ी, बाबूजी." वस्तू त्यांच्या लेखी कधी बिघडायची नाही, आजारी पडायची. इस्त्री आजारी आहे. स्कूटरला ताप आहे. आणि आजारी वस्तूला परक्याचा हात लावू द्यायचा नाही हा त्यांचा बाणा. एकदा कॉलनीत एक प्लंबर नवीन दुकान टाकून ओळख करून द्यायला फाटकात आला. साहेबांनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, खुर्ची दिली आणि त्याची परीक्षा घेतली. धागा कुठल्या बाजूने गुंडाळायचा? का? उलटा गुंडाळला तर काय होतं? तो घामाघूम होऊन गेला, पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही.

पण खरा कहर म्हणजे त्यांचं जमीन दाखवणं. घरात कुणीही पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मागच्या अंगणात नेत. पाहुण्याला वाटे, टाकी दाखवणार. छे! टाकीकडे पाठ करून ते जमिनीकडे बोट दाखवत. साधी, रखरखीत, दिल्लीची माती.

"हे बघा. काय दिसतं?"

"काही नाही," पाहुणा म्हणे.

"तेच! टाकीच्या तळापासून पंपापर्यंत पाइप गेलाय इथून. खालून. पाणी परत येतं ते भिंतीवरनं, उघड्यावर, पण जाणारा पाइप जमिनीखालचा. आणि कसा गेलाय? नाकासमोर. एक वळण नाही, एक कोपरा नाही. वळण आलं की जोड आला, आणि जोड आला की रोग आला."

हे सगळं ते परेडवर हुकूम द्यावा तशा आवाजात सांगत. आत स्वयंपाकघरात, खिडकीपाशी खुर्चीत बसून भाजी निवडणाऱ्या काकूंना हसू फुटे. दर वेळी. मला वाटायचं, नवऱ्याची तीच ती बढाई ऐकून बाई हसते, दुसरं काय.

मी तिथे राहायला गेले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात टाकी आजारी पडली. सकाळी पाहावं तर पाणी पायरीभर उतरलेलं. साहेब म्हणाले, ऊन आहे, वाफ होते. पण त्यांचं त्यांनाच पटेना. त्यांनी बादलीत टाकीचंच पाणी भरलं आणि ती बादली पायरीवर पाण्यात ठेवली. उन्हाने पाणी जात असेल तर दोन्हीकडचं सारखंच जाईल. दुसऱ्या दिवशी बादली जवळपास होती तशी, आणि टाकी आणखी खाली. वर पंप चालू केला की परतीच्या पाण्यातून बुडबुडे येत. "पंप हवा पितोय," ते म्हणाले. मग त्यांनी टाकीत बुडी मारून तळाच्या तोंडाला रबरी बूच ठोकलं. पाणी जिथल्या तिथे थांबलं. त्यांनी मला रिपोर्ट दिला, मी विचारलेला नसताना: "टाकी ठणठणीत. पाइप आजारी."

बूच मारून पाणी अडवता येत होतं, पण मग ते फिरत नव्हतं, गाळलं जात नव्हतं. मे महिन्यात उभं पाणी किती दिवस स्वच्छ राहणार? हिरवं पडायला लागलं. काकूंच्या गोळ्या अशा होत्या की साधी जखमसुद्धा चिघळायची, त्यांना असल्या पाण्यात उतरवणं शक्य नव्हतं. टाकी उपसावी लागली. आमच्या बोअरला उन्हाळ्यात करंगळीएवढी धार यायची. गळकी टाकी रोज भरत बसणं हा विचारसुद्धा नको.

आणि काकूंचं चालणं बंद झालं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. पहिल्या आठवड्यात त्या मोरीपर्यंत जाताना दोनदा थांबायच्या. मग सकाळी उठताना कण्हायला लागल्या. मग एक दिवस साहेबांनी त्यांना उचलून नेलं. पाण्यात मला फाइलीवरून टोमणे मारणारी बाई ती, आता खिडकीपाशी गप्प बसून राहायची.

त्यांचा मुलगा द्वारकेत एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायचा. गुणी मुलगा, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल. दर रविवारी यायचा, आईची औषधं आणायचा. छावण्यांमधल्या शाळांत वाढल्यामुळे त्याचं मराठी अर्धं हिंदीवर चालायचं. त्या रविवारी तो आईचे पाय बघून भडकला.

"बस करा ना बाबा आता, यार! हे असलं करायचं तुमचं वय आहे का? बिल्डर तयार आहे. टाकी बुजवू, इथे फ्लोअर उभे राहतील, तुम्हाला एक मिळेल. तोवर माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, समोर हॉस्पिटल आहे. और क्या चाहिए?"

"आणि हिनं चालायचं कुठं?"

"आमच्या सोसायटीत पूल आहे ना!"

"त्यात लुगडं चालतं?" आतून काकूंनी विचारलं.

तिथला नियम होता, पोहण्याचा पोशाख घातल्याशिवाय प्रवेश नाही. काकू म्हणाल्या, "वयात होते तेव्हा घातला नाही तसला पोशाख, आता वाकड्या पायांवर घालू होय?" पण त्या हसत नव्हत्या. शेवटी ठरलं असं की महिनाअखेरपर्यंत पाइप बरा झाला तर ठीक, नाहीतर टाकी बुजवायची आणि द्वारकेला जायचं. साहेब म्हणाले, "मंजूर." इतक्या ठसक्यात म्हणाले, जणू पाइप संध्याकाळीच उठून बसणार होता.

आता आमची कसरत सुरू झाली. 'आमची' म्हणजे त्यांची आणि माझी, कारण पोहायला आलेलं माणूस खणायलाही येतं असं त्यांचं गणित होतं. आधी आम्ही करोल बागेत गेलो, मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात, दाब मोजायचं मीटर आणायला. दुकानदाराने विचारलं, "कौन सी गाड़ी है, बाबूजी?" साहेब म्हणाले, "गाड़ी नहीं है, तालाब है." तो त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मी मान हलवून म्हटलं, "बिल्कुल, तालाब ही है." मला तरी कुठे दुसरं उत्तर होतं?

घरी येऊन त्यांनी पाइपची दोन्ही तोंडं बंद केली, आत पाणी कोंबून दाब दिला आणि मला काट्यासमोर बसवलं. काटा डोळ्यादेखत खाली आला. म्हणजे रोग पाइपातच, पण कुठे? त्यांनी टाकीच्या भिंतीपाशी खणलं, कारण पाइप भिंतीतून निघतो तिथे बऱ्याचदा तडा जातो. पाइप कोरडा ठाक. पंपापाशी खणलं. तिथेही जोड घट्ट. दोन्ही खड्डे त्यांनी एकट्याने, खालची माती हाताने उकरून, पाइपला कुदळ लागू न देता खणले होते. साठी केव्हाच उलटली होती, पण थकले असं कधी म्हटलं नाही.

"मग राहिलं मधलं," मी म्हटलं.

"मध्ये जोडच नाही. जोड नाही तिथं गळणार कसं?"

मधे होतं तुळशीवृंदावन. अंगणाच्या बरोबर मध्यावर, विटांचं, चुना फासलेलं. आणि त्यातली तुळस! अहो, मे महिन्यात दिल्लीत लोकांच्या तुळशी काड्या होऊन जातात. आमच्या कुंड्यांमधलं सगळं करपून गेलेलं, आणि ही बया पोपटी पानांनी लवलवलेली, मंजिऱ्यांनी वाकलेली. काकू खिडकीतून रोज तिच्याकडे बघून हात जोडायच्या. मला कळेना की हे दोघांनाही दिसत कसं नाही. पाइपात पुन्हा दाब भरून मी लोखंडी सळई घेतली, एक टोक जमिनीत रोवलं, दुसऱ्याला कान लावला, हे त्यांनीच शिकवलेलं. भिंतीपाशी सगळं शांत. वृंदावनाच्या कडेला आले आणि कानात सूं सूं आवाज.

"इथे! काका, इथे ऐका!"

त्यांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग उठून माती झटकली. "काही ऐकू येत नाही मला. सुरुंगांनी कान गेलेत." आणि कुदळ घेऊन ते पंपाच्या पलीकडे निघून गेले, जिथे पाइप असायचं काही कारणच नव्हतं, आणि तिथे खणायला लागले! माझं डोकंच फिरलं. सरकारी ऑफिसात मी पुष्कळ हट्टी माणसं पाहिली होती, पण स्वतःच्या बायकोचे पाय पणाला लावून उलट्या बाजूला खणणारा हा पहिलाच.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हटलं, "तुम्ही सांगा त्यांना. पाणी तुळशीपाशी मुरतंय. माझं ऐकत नाहीत."

काकूंनी निवडलेली मेथी बाजूला ठेवली. खिडकीतून एकदा पाहिलं आणि आवाज खाली केला.

"तुला म्हणून सांगते. पाइप सरळ नाहीये."

गोष्ट अशी होती. टाकी बांधत होते तेव्हा घर नव्हतं, पण तुळस होती. काकूंनी माहेराहून रोप आणून, प्लॉट घेतल्यावर सगळ्यात आधी तिची जागा बांधून घेतली होती. साहेबांनी आखलेला पाइप बरोबर तिच्याखालून जात होता. त्यांचं म्हणणं, वृंदावन चार दिवस उचलून ठेवू, पाइप टाकू, परत बसवू. आणि तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ वारले, त्यांना गावी जावं लागलं. पाइप टाकायचं काम त्यांच्या पलटणीतला, सुट्टी घेऊन मदतीला आलेला एक जवान करत होता.

"मी खुर्ची टाकून बसले तिथं," काकू म्हणाल्या. "माणसांच्या अंघोळीचं पाणी माझ्या तुळशीच्या मुळाखालून न्यायचं? मी जिवंत असताना? मी त्याला सांगितलं, बाबा, फिरवून ने. तो म्हणाला, साहेब मारतील. मी म्हटलं, साहेबांची मी साहेब आहे. त्यानं फिरवला पाइप, वर माती ओढली. हे आले, विचारलं, सरळ टाकला ना? मी म्हटलं, सरळ. तुळस? म्हटलं, उचलून परत बसवली."

"मग आता सांगून टाका की!"

"कुठल्या तोंडानं? एवढी वर्षं कॉलनीला जमीन दाखवत फिरलेत. नाकासमोर पाइप, नाकासमोर पाइप." त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "दुसरं काय राहिलंय गं त्यांच्याकडं मिरवायला? माझे पाय काय, असेही जायचेच. जाऊ द्वारकेला. तू बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे."

शपथ घालून मोकळ्या झाल्या! मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की मी वर निघून गेले आणि गच्चीवर येरझाऱ्या घालत बसले. खाली धप् धप् कुदळ चाललेली. एक खणतोय, एक खिडकीतून बघतेय, आणि दोघांच्या मधे ती तुळस मजेत डोलतेय.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. मुलगा सकाळीच आला, बरोबर बिल्डरचा माणूस, त्याच्या हातात मोजायची टेप. अंगणात चार खड्डे आणि मातीचे ढीग. काकूंना आम्ही खुर्चीसकट बाहेर ओसरीवर आणून बसवलं होतं. मुलाने खड्ड्यांकडे पाहिलं, वडिलांच्या हातांवरच्या फोडांकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाबा, मिला क्या?"

साहेब कुदळीवर हात ठेवून उभे होते. ज्या माणसाने आयुष्यभर साऱ्या जगाकडून रिपोर्ट मागितला, त्याच्याकडे द्यायला रिपोर्ट नव्हता.

"ठीक आहे," मुलगा म्हणाला. "चलो, मग मोजून घेऊ दे त्यांना."

बिल्डरच्या माणसाने टेपचं टोक टाकीच्या कडेला लावलं आणि मागे सरकत सरकत तो तुळशीपाशी आला. "ये चबूतरा तो हटेगा," म्हणाला आणि एक पाय वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवून उभा राहिला. पायात बूट होते.

"पाय काढ!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की तो दचकून मागे झाला. वॉकरला हात घालून त्या उठायला बघत होत्या, उठता येत नव्हतं, आणि चेहरा लालबुंद झालेला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तिथं खणा. वृंदावनाच्या भोवतीनं. पाइप सरळ नाहीये. मी फिरवून घेतला होता, तुम्ही दादांच्या दहाव्याला गेला होतात तेव्हा. खोटं बोलले मी तुमच्याशी. तीन कोपरे आहेत तिथं."

साहेबांनी कुदळीवरचा हात काढला, टॉवेलने तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले,

"चार."

"काय?"

"चार कोपरे आहेत. वळसा घालून परत रेषेवर यायचं तर चार लागतात. तीन कोपऱ्यांत कसा येईल?" ते म्हणाले. "गावावरनं आलो त्याच दिवशी बघितलं. डब्यातले चार एल्बो गायब होते."

काकू त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला..."

"तुला वाटत होतं मला फसवलं. पाहुण्यांना जमीन दाखवायला लागलो की आत बसून हसायचीस. मला ऐकू यायचं." त्यांनी मान खाली घातली. "तू तशी हसावीस म्हणून दाखवायचो. नाहीतर जमीन काय बघायची वस्तू आहे का?"

मुलाच्या तोंडाचा आ वासलेला. मी तर सरळ रडायलाच लागले, लपवण्यात काय अर्थ होता? पण रडता रडता माझा संतापही उसळून आला. शपथ गेली खड्ड्यात, खड्डे तसेही पुष्कळ होते. मी म्हटलं, "काका, माहीत होतं तर महिनाभर भलतीकडे का खणत बसलात? काकूंचे पाय गेले असते!"

"तिनं सांगितल्याशिवाय तिथं कुदळ कशी मारू?" ते म्हणाले. "खोटं ठरवल्यासारखं झालं असतं तिला. वाटलं, दुसरीकडं कुठं सापडेल. सापडणार नव्हतं हेही माहीत होतं. आज मोजणी झाली की संध्याकाळी खणणारच होतो."

"ते काही मला सांगू नका," काकू म्हणाल्या. "खणा आता. आणि तुळस हलवा. मीच सांगते. सरळ टाका पाइप."

"तुळस हलणार नाही. वळण राहील." साहेबांचा परेडचा आवाज परत आला होता. "तो जोडणारा पोरगा घाईत होता, म्हणून गळलं. मी घातलेले कोपरे गळणार नाहीत. ए, टेपवाले भैया, आप जाइए. तू, बूट काढ आणि फावडं घे." हे शेवटचं मुलाला.

दुपारपर्यंत वळण उघडं पडलं. तिसरा कोपरा. त्याला घट्ट धरून ठेवणारं सोल्यूशन एका बाजूला लागलेलंच नव्हतं, आणि तिथूनच पाणी तुळशीकडे झिरपत आलं होतं. साहेबांनी चारही कोपरे कापून टाकले. एकच का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "एकाच्या हातचे चार होते. एक आजारी, बाकीचे तिघं रांगेत." नवीन तुकडे आधी कोरडेच बसवून पाहिले, खुणा केल्या, टोकं घासली, पुसली. मग सोल्यूशन लावून पाइप आत ढकलायचा, पाव फेरा फिरवायचा आणि गच्च धरून ठेवायचा. धरायचं काम मुलाकडे होतं. "सोडू का?" तो विचारी. "मी सांगेन तेव्हा." काकू ओसरीवरून म्हणत, "घाम पडू देऊ नकोस रे त्याच्यावर." सोल्यूशनच्या वासाने माझं डोकं दुखत होतं आणि मला फार आनंद होत होता.

त्यानंतर अख्खा दिवस पाइपला कुणाला हात लावू दिला नाही. मग दाब भरला आणि मला पुन्हा काट्यासमोर बसवलं. काटा ढिम्म हलला नाही. तरी साहेबांनी चर लगेच बुजवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाब, पुन्हा काटा, आणि मगच पाइपभोवती आधी वाळू, वर माती. मुलाने ऑफिसला चक्क सुट्टी टाकली होती. टाकी भरायला दोन टँकर त्यानेच आणले.

काकूंना पाण्यात उतरवलं तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो होतो. महिनाभरात पाय आखडले होते. शेवटच्या पायरीवर साहेब त्यांना दोन्ही हातांनी धरून उभे, गमबूट काढून. काकूंनी पाऊल टाकायचा प्रयत्न केला. पाय उचलेना. पुन्हा केला. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि कपाळावर पाण्याचे की घामाचे, कळेना, थेंब होते. मुलगा काठावर उकिडवा बसून म्हणाला, "आई, राहू दे आज. उद्या बघू."

"हात सोडा माझा," काकू नवऱ्याला म्हणाल्या.

त्यांनी सोडला. त्या उभ्या राहिल्या. मग एक पाऊल पडलं, मग दुसरं, वाकडं, हळू, पण त्यांचं त्यांचं. मधे एकदा थांबल्या, श्वास घेतला आणि पुन्हा निघाल्या. पलीकडच्या भिंतीला हात लावला, वळल्या आणि मुलाकडे बघून म्हणाल्या,

"येईन की रे द्वारकेला. रविवारी, जेवायला. संध्याकाळी परत आणून सोड."